काळा पडलेला अंगठा आणि यंत्राची अक्कल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांत ‘एआय’ येणार, आले, बसवले, अशा बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. सोबतच्या फोटोत एक मोठा स्क्रीन, त्यावर रक्तवाहिन्यांचे रंगीत झाड आणि शेजारी शाल-श्रीफळ घेतलेले पाहुणे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले चिघळलेले आणि काळे पडलेले पाय ज्यांना रोज पाहावे लागतात, त्यांच्या मनात तो फोटो पाहून एकच प्रश्न येतो : हा स्क्रीन रुग्णाच्या वाटेत नेमका कुठे उभा आहे? खान्देशात पाय गुडघ्याखाली कापावा लागतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर अक्कल कमी पडलेली असते असे फार क्वचित होते. बहुतेक वेळा पायच टेबलावर उशिरा आलेला असतो. ही उशिराची कारणे जिथे घडतात, त्या तालुक्याच्या ओपीडीत हे तंत्रज्ञान आणा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि आणताना ते कुठे फसते हे आधी समजून घ्या.

वाट कशी असते ते पाहा. दहा-बारा वर्षांची शुगर, तळपायाची संवेदना गेलेली. चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी, तीही अनवाणी, डांबर तापलेले. फोड येतो, तो कळतच नाही. घरी आल्यावर हळद भरतात, मग गावातल्या डॉक्टरकडे दोन-तीन इंजेक्शने, मग ‘ड्रेसिंग चालू आहे’ असे तीन आठवडे. अंगठा काळा पडला की जिल्ह्याला. तिथे डॉपलरची (आवाजाच्या लहरींनी रक्तप्रवाह तपासण्याची) तारीख, मग सीटी अँजिओग्राफी (औषध देऊन काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रे), मग फिल्मची पिशवी घेऊन नाशिक किंवा मुंबई. नंदुरबारकडचा रुग्ण असेल तर सुरत, कारण तेच जवळ. या सगळ्या वाटेत पायाच्या नाडीला कुणी बोट लावलेले नसते. भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. एवढ्यांच्या पायांना हात लावायला रक्तवाहिन्यांचे खास सर्जन पुरणार नाहीत, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत आहेत. म्हणून यंत्राची मदत हवीच. वाद तिच्याबद्दल नाही.

सगळ्या चाचण्यांची आई म्हणजे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर, ज्याला दवाखान्यात ‘एबीआय’ म्हणतात. लागते काय? बीपीचा साधा पट्टा, ८ मेगाहर्ट्झचा हातात मावणारा डॉपलर आणि जेलची बाटली. डॉपलरची किंमत एखाद्या बऱ्या स्मार्टफोनएवढी. रुग्णाला उताणे झोपवून १० मिनिटे शांत पडू द्यायचे. दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा, जो जास्त तो धरायचा. पट्टा घोट्याच्या वर दोन बोटे सोडून बांधायचा. आतल्या घोट्याच्या मागे एक रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) आणि पावलाच्या पाठीवर दुसरी, दोन्हींवर डॉपलरची कांडी ४५ ते ६० अंशांत तिरकी धरायची. आवाज बंद होईपर्यंत हवा भरायची, वर आणखी २० ते ३० मिलिमीटर (बीपीत मोजतात ते पाऱ्याचे), आणि मग सेकंदाला साधारण २ मिलिमीटर या बेताने सोडायची. आवाज परत आला तो आकडा. दोन्हींतला मोठा घेऊन दंडाच्या आकड्याने भागायचे. घोट्याला ८४, दंडाला १४० : ०.६०. ०.९० किंवा त्याखाली असेल तर रोहिणीत अडथळा आहे. ०.४० च्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा धरू नये.

हे वाचायला सोपे, पण चुका इथेच होतात. ओपीडीत गर्दी, मग १० मिनिटांची विश्रांती २ मिनिटांवर येते. पावलाच्या पाठीवरची रोहिणी अगदी वरवर असते. कांडी जोरात दाबली की ती तिथेच बंद होते आणि ‘फ्लो नाही’ असे लिहिले जाते. नाडी अनियमित असेल आणि हवा भसकन सोडली, तर मधला ठोका हुकतो आणि आकडा खाली येतो. पट्टा लहान असला तर आकडा वर जातो. आता याच आकड्यावर संगणकाची प्रणाली उभी करा. दहा हजार पायांवर शिकलेली असली तरी तिला हे कळत नाही की समोरचा ०.७२ हा रोहिणीचा आहे की घाईचा.

हाताऐवजी स्वयंचलित पट्टे लावले की झाले, असे विक्रेते सांगतात. ते पट्टे रक्ताच्या लाटेचे कंपन मोजतात. निरोगी पायात बरे चालतात. पण जिथे प्रवाह फारच मंद आहे, म्हणजे ज्या पायासाठी ही खटपट चालली आहे, तिथे कंपनच उरत नाही. यंत्र एकतर ‘एरर’ दाखवते किंवा खऱ्यापेक्षा जास्त आकडा देते. मग परिचारिका तीन वेळा प्रयत्न करते, कंटाळते आणि रकाना कोरा सोडते. आणि पुष्कळ प्रणाली कोरा रकाना सरासरी आकड्याने भरून टाकतात! सगळ्यात आजारी पाय असा सगळ्यात साधा ठरतो. नियम उलटा हवा : घोट्याला यंत्राने एरर दिली की तो पाय संशयित धरायचा आणि त्याच दिवशी हातातल्या डॉपलरने तपासायचा.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. जुन्या मधुमेहात आणि किडनीच्या आजारात रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम बसते, ती जुन्या पीव्हीसी पाइपासारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही. घोट्याला २१०, दंडाला १५०, भागाकार १.४०. कागदावर पाय ठणठणीत, प्रत्यक्षात अंगठा निळा. १.४० च्या वरचा आकडा तर मोजमाप म्हणून धरायचाच नसतो, आणि १.१ किंवा १.२ सुद्धा अशा रुग्णात खोटा असू शकतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो, कारण बोटांच्या बारीक रोहिण्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर तो रुग्ण तिथे थांबवायचा नाही, लगेच वर पाठवायचा.

यंत्राची खरी कमाई इथे होऊ शकते. निरोगी रोहिणीचा डॉपलरवरचा आवाज तीन पायऱ्यांचा असतो : जोराचा एक ठोका, लगेच उलट फिरलेला छोटा, मग पुन्हा हलका पुढे. पुढे अडथळा वाढला की दोनच पायऱ्या उरतात, आणि शेवटी वाऱ्यासारखी एकच सपाट सळसळ. कडक रोहिणीत दाबाचा आकडा खोटा बोलतो, पण आवाज सहसा खोटे बोलत नाही. अनुभवी कानाला हे तीन सेकंदांत कळते, नवख्याला महिनोन्महिने कळत नाही. आवाजाची लाट पाहून तिचे वर्ग करणे हे संगणकाला जमणारे काम आहे, त्याला मोठा सर्व्हर लागत नाही, साध्या फोनवर चालते. बोटाला चिमटा लावून प्रकाशाने नाडीची लाट मोजायची पद्धतही तशीच स्वस्त आहे. मात्र पाय गार असला की बोटांच्या रोहिण्या आखडतात आणि लाट चपटी होते. पौषात नंदुरबारच्या डोंगरात, तोरणमाळ किंवा धडगावच्या बाजूला सकाळी ८ वाजता घेतलेला आकडा मोजमाप म्हणून धरू नका. पाय पांघरुणात गुंडाळून, पाऊल हाताला उबदार लागल्यावर पुन्हा घ्या. शिवाय प्रकाशावर चालणारी उपकरणे कातडीच्या रंगाने फसतात, हे आता जुने झाले. २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आले की पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन कमी असताना पुरेसा दाखवण्याची चूक कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा करतो. शेतात राबलेल्या सावळ्या पायावर उपकरण कसे वागते, हे आपल्याकडच्या पायांवर तपासूनच कळेल.

उष्णतेच्या कॅमेऱ्याचेही असेच. दोन्ही तळपायांच्या एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल तर तिथे आत सूज आहे, जखम होऊ घातली आहे, असा मान्य ठोकताळा आहे. पण तो कॅमेरा थंड, स्थिर खोलीसाठी आहे. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावरून चालत आलेल्या माणसाचे तळपाय लगेच कॅमेऱ्यासमोर धरले, तर दिसतो तो फलाटाचा ताप. चपला काढून, पाय जमिनीला न टेकवता, पंख्याच्या झोताबाहेर १५ ते २० मिनिटे बसवायला हवे. तेवढी बाके तरी आहेत का आपल्या ओपीडीत?

आता जखमेच्या फोटोंबद्दल. फोनने फोटो काढा, प्रणाली जखमेचे क्षेत्रफळ सांगते आणि रंगावरून वाटणी करते : लाल म्हणजे भरणारे मांस, पिवळे म्हणजे साका (मेलेल्या पेशींचा चिकट थर), काळे म्हणजे मेलेला भाग. क्षेत्रफळाच्या नोंदीचा उपयोग मोठा आहे. चार आठवड्यांत जखम निम्म्याने आटली नाही तर उपचारात काहीतरी चुकते आहे, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘बरी वाटते’ या शेऱ्यावर महिने निघून जातात. पण रंगांच्या वाटणीत आपली घरे येतात. हळद भरलेली जखम यंत्राला साक्याने भरलेली दिसते. जांभळे औषध किंवा राख लावलेली जखम काळी दिसते. आयोडीनने सगळेच तपकिरी होते. तळव्याची मेंदी, घोट्यावरचे गोंदण, काळ्या मातीच्या भेगा, कपाशीत वापरलेल्या फवाऱ्याचे डाग, यातले काहीही परदेशी फोटोंवर शिकलेल्या प्रणालीने पाहिलेले नसते. उपाय साधा, पण तो शिस्तीने व्हावा लागतो. आधी सलाइनने धुवा, कोरड्या गॉजने टिपा, जखमेशेजारी सेंटीमीटरची कागदी पट्टी ठेवा, फोन जखमेला समांतर धरा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. आणि फोटोआधी हाताच्या पाठीने दोन्ही पावले चाचपा, कारण सावळ्या कातडीवर लाली आणि फिकटपणा दोन्ही कॅमेऱ्याला उशिरा दिसतात, हाताला गारवा आधी लागतो.

फोटो चांगला नसेल तर काय होते, याचा धडा थायलंडने दिला आहे. गूगलची डोळ्यांच्या पडद्याचे फोटो वाचणारी प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत कशी चालली, याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या त्या प्रणालीने प्रत्यक्ष दवाखान्यांतला पाचातला एक फोटो नाकारला, खोलीत अंधार पुरेसा नाही म्हणून. मंद इंटरनेटमुळे रांगा वाढल्या, आणि नाकारलेल्या फोटोवाल्यांना दुसऱ्या दवाखान्यात जायला सांगावे लागले. परिचारिका वैतागल्या यात नवल नाही. धडगाव किंवा मोलगीत याहून वेगळे का घडेल?

नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात आणखी दोन गोष्टी. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना घोट्याजवळ हट्टी जखमा होऊ शकतात. जागा तीच म्हणून प्रणाली त्यांना फुगलेल्या शिरांच्या जखमा ठरवते, आणि मग घट्ट पट्टी बांधली जाते. पट्टीआधी घोट्याचा दाब आणि सिकलसेलची चाचणी, दोन्ही हवेत. दुसरी गोष्ट भाषेची. प्रश्नावली प्रमाण मराठीत विचारते, ‘चालताना पोटरीत वेदना होतात का?’ अहिराणीत माणूस सांगतो, ‘पोटरी भरी येस.’ त्याच्या लेखी ही वेदना नाहीच, तो ‘नाही’ वर खूण करतो. पावरी आणि भिली बोलणाऱ्यांचे तर विचारूच नका. आणि शुगरने पाय बधिर झालेल्याला दुखतच नाही. म्हणून नुसत्या उत्तरांवर चालणाऱ्या चॅटबॉटला आमचा स्पष्ट विरोध आहे.

बिडीचेही सांगायला हवे. तिशीतला, शुगर नसलेला, दिवसाला बंडलभर बिड्या ओढणारा मजूर पायाच्या बोटाची न भरणारी जखम घेऊन येतो. हा बर्गरचा रोग, तंबाखूने हातापायांच्या बारीक रोहिण्या बंद पडण्याचा. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पाश्चात्त्य देशांत तो आता विरळा झाला आहे, आपल्याकडे नाही. पायाच्या रोहिण्या तपासणाऱ्या बहुतेक प्रणाली साठीच्या पुढच्या, चरबी साठलेल्या रोहिण्यांवर शिकलेल्या असतात. वय ३२, शुगर नाही, कोलेस्टेरॉल ठीक : प्रणाली म्हणते ‘धोका कमी’. या रोगात अडथळा पावलात आणि बोटांत असल्याने घोट्याचा दाबही कधी कधी बरा येतो. इथे वयाचे गुण वजा करणारे गणित उलटे फिरते. तंबाखू पूर्ण सुटला तरच त्याचा पाय वाचतो, आणि ते सांगायला माणूसच लागतो.

आता थोडे आकड्यांचे, कारण जाहिरातीत ‘९० टक्के अचूक’ असे लिहिलेले असते आणि खरेदी समित्या त्यावर माना डोलावतात. धरून चालू की एका तालुक्यात १,००० मधुमेही तपासले आणि त्यांत १०० जणांच्या पायात खरोखर अडथळा आहे. प्रणाली आजारी माणसांतले ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांतल्या ९० टक्क्यांना निरोगी म्हणते. मग १०० पैकी ९० सापडले, १० सुटले. उरलेल्या ९०० निरोगींपैकी ९० जणांवरही लाल शिक्का बसला. लाल शिक्क्याचे एकूण १८०, त्यांतले निम्मे विनाकारण. या १८० जणांना जिल्ह्याच्या गावी पाठवायचे म्हणजे प्रत्येकाची एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत एक माणूस. दोनदा फुकट खेप झाली की तिसऱ्यांदा कुणी जात नाही, खरा आजारी सुद्धा.

म्हणून मधली चाळणी तालुक्यातच हवी. १८० जणांना प्रत्येकी २० मिनिटे हातातल्या डॉपलरने तपासायचे तर ६० तास लागतात. एक प्रशिक्षित परिचारिका रोज ३ तास बसली तर २० दिवसांत काम संपते. एका तालुक्याला एक परिचारिका आणि एक डॉपलर, इतका हा हिशेब छोटा आहे. आणि सरसकट सगळ्यांना तपासण्याऐवजी आधी पायाला जखम असलेल्यांना घ्या. जखम असलेल्या मधुमेहींपैकी जवळपास निम्म्यांच्या पायात रक्तपुरवठाही कमी असतो, असे युरोपातल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे. तेच प्रमाण इथे धरले, तर अशा १०० जणांत तीच प्रणाली ५० जणांवर लाल शिक्का मारते आणि त्यांतले ४५ खरे निघतात. यंत्र तेच, फक्त रांग बदलली. सुटलेल्यांसाठी एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा : दोन आठवड्यांत न भरणारी पायाची जखम, यंत्र काहीही म्हणो, वर पाठवायची.

सीटी अँजिओग्राफीपाशी मात्र थांबावे लागेल, कारण मोठा खर्च तिथेच होतो आणि मोठी फसगतही. पोटापासून बोटांपर्यंत १ मिलिमीटरचे काप घेतले तर सुमारे १,२०० चित्रे होतात, प्रत्येक अर्ध्या एमबीचे, एकूण ६०० एमबी. सेकंदाला २ मेगाबिटच्या वेगाने वर पाठवायला ४० मिनिटे, तीही मध्ये लाइट गेली नाही तर. म्हणून प्रत्यक्षात होते काय, तर जाड कापांच्या चार फिल्म छापतात, कुणीतरी त्या ट्यूबलाइटसमोर धरून फोनने फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. व्हॉट्सअ‍ॅप तो फोटो आणखी दाबते. गुडघ्याखालच्या रोहिण्या २ ते ३ मिलिमीटरच्या. त्यात त्या उरतच नाहीत. असा फोटो कोणत्याही एआयला दाखवणे म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून सातबारा वाचणे. रुग्णाने सीटी सेंटरमधून मूळ डायकॉम फाइलींची (न दाबलेल्या मूळ चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा. तो त्याच्या पैशांचा माल आहे.

मूळ फाइली मिळाल्या तरी दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्रणाली हाडे आपोआप पुसून रोहिण्यांचे झाड काढते. पोटरीत रोहिणी हाडाला खेटून जाते आणि तिच्या भिंतीत कॅल्शियम असेल तर संगणक तिला हाड समजून पुसतो. रंगीत चित्रात रोहिणी तुटलेली दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘पूर्ण बंद’ असे येते. दुसरी चूक वेळेची. रोहिण्या चित्रात दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेले औषध आजारी पायात हळू पोहोचते. यंत्र पुढे धावते आणि पावलाचे काप औषध येण्याआधीच घेतले जातात. तिथेही ‘बंद’. याला तोड अशी की तंत्रज्ञाने लगेच गुडघ्यापासून खाली दुसरी फेरी घ्यावी. रंगीत झाड पाहून पाय कापायचा निर्णय कुणीही घेऊ नये, आडवे काप एकेक करून पाहावेत, आणि पावलावर डॉपलरचा आवाज येतो का ते ऐकावे. चित्रात बंद आणि कानाला चालू असेल, तर चित्र चूक. या तपासणीला १०० मिलिलिटरच्या आसपास आयोडीनयुक्त औषध शिरेतून जाते, त्यामुळे आधी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहणे आलेच. किडनी कमजोर असेल तर पाय वाचवायच्या नादात डायलिसिस मागे लागते.

डायलिसिसवरून आठवले. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातात रोहिणी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो करण्याआधी डॉपलरवर शीर निदान २ ते २.५ मिलिमीटर हवी, आणि तयार झाल्यावर साधारण ६ आठवड्यांनी ६ मिलिमीटर रुंदी आणि मिनिटाला ६०० मिलिलिटर प्रवाह असा ढोबळ मापदंड आहे. फिस्टुलाचा आवाज फोनवर ऐकून तो बंद पडत चालला आहे का हे सांगणाऱ्या प्रणालींवर काम सुरू आहे, आणि ते आपल्याकडे खरेच उपयोगाचे ठरेल. तोवर रुग्णाने रोज सकाळी तळहात ठेवून थरथर लागते का ते पाहावे. थांबली तर त्याच दिवशी केंद्र गाठावे.

अचानक गार पडलेल्या पायाचे गणित सर्वस्वी वेगळे. हृदयातली गुठळी निसटून जांघेत अडकते. संधिवाताने झडप खराब झालेल्यांत किंवा अनियमित ठोक्यांच्या रुग्णांत हे होते. पाय एकदम दुखू लागतो, पांढराफटक पडतो, नाडी लागत नाही, मुंग्या येतात, मग बोटे हलेनाशी होतात. हातात साधारण ६ तास असतात. सातपुड्यातल्या पाड्यावरून जीप मिळवण्यातच त्यांतले निम्मे जातात. इथे कसल्याही प्रणालीची वाट पाहायची नाही. पाहायचे एवढेच : नाडी आहे का, बोटांना स्पर्श कळतो का, अंगठा हलतो का. बोटे हलत नसतील तर ही सर्वांत घाईची वेळ. कुठून रक्तस्राव होत नसेल आणि दुसरी हरकत नसेल, तर डॉक्टरने तिथेच हिपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) ५,००० युनिट शिरेतून द्यावीत, फोन करून पुढचे थिएटर तयार ठेवायला सांगावे आणि गाडी सोडावी. पायाला शेक देऊ नये, गरम पाण्याची पिशवी नाही, तेलाने चोळणे नाही, उशीवर उंच ठेवणे नाही. शेकाने बधिर पाय भाजतो आणि उरलेले मांसही जाते. चोळल्याने काही सुटत नाही.

गुठळी काढायला लागणारी फुग्याची कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थॉमस फोगर्टी यांनी १९६३ मध्ये जगापुढे आणली. जांघेत भूल देऊन, रोहिणी उघडून, कॅथेटर गुठळीपलीकडे सरकवायची, फुगा हलका फुगवायचा आणि ओढून घ्यायचे. शिकलेला जनरल सर्जन हे जिल्ह्याच्या ठिकाणी करू शकतो. पण ३, ४ आणि ५ फ्रेंच (हे नळीच्या जाडीचे एकक) अशा तिन्ही मापांच्या कॅथेटर कपाटात असायला हव्यात, मुदत न संपलेल्या. फुगा जास्त फुगवला तर रोहिणीचे आतले अस्तर सोलून निघते. ६ तास उलटून गेले असतील तर सुजलेल्या पोटरीच्या स्नायूंचे कप्पे चिरून उघडावे लागतात, आणि रक्तातल्या पोटॅशियमवर रात्रभर नजर ठेवावी लागते. यंत्राचे काम याच्या कितीतरी आधी आहे : ईसीजी वाचून अनियमित ठोके ओळखणे. त्यात संगणक खरोखर तरबेज झाला आहे. उपजिल्हा रुग्णालयात साठीपुढच्या प्रत्येकाचा ईसीजी अशा प्रणालीतून गेला आणि लाल आलेला डॉक्टरने पाहून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, तर पुढचे कितीतरी गार पाय टळतील.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही. वैद्यकीय उपकरण म्हणून वापरले जाणारे सॉफ्टवेअरही २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते; परवान्याचा क्रमांक आणि वर्ग निविदेत लिहून घ्या. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती विक्रेत्याने वाचली आहेत का हे विचारा. पैसे देण्याआधी तीन महिने प्रणाली मुकी ठेवून चालवा : ती निकाल देते, डॉक्टरला दाखवत नाही, आणि शेवटी आपल्या डॉपलरवाल्या परिचारिकेच्या नोंदीशी ताडून पाहायचे. निदान २०० पाय, त्यांत बिडीवाले, किडनीवाले आणि नंदुरबारचे असलेच पाहिजेत. इंटरनेट नसताना चालते का? दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर निकाल बदलतो का? वर्गणी संपल्यावर आपल्या नोंदी आपल्याला मिळतात का? स्क्रीनवर ‘नॉर्मल’ हा शब्द येऊ देऊ नका, ‘आज अडथळा दिसला नाही, जखम असल्यास पुन्हा तपासा’ असे येऊ द्या. हिरवा रंग दिसला की रात्री ड्युटीवरचा दमलेला इंटर्न नाडी पाहत नाही, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. पायांचे फोटो कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवर आणि ग्रुपवर फिरू नयेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, आणि गोंदणावरून माणूस गावात सहज ओळखू येतो.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (शुगर, बीपीसारख्या आजारांच्या धोक्याची घरोघरची नोंद) भरतात. त्याच भेटीत चपला काढायला लावून दोन्ही पावले पाहणे, १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने तळव्याची संवेदना तपासणे आणि पावलाच्या पाठीवर बोट ठेवणे, हे तीन मिनिटांचे काम आहे. त्याचा मोबदला वेगळा द्यावा लागेल. फुकटात आणखी एक रकाना भरून घेतला तर तो घरी बसून भरला जाईल, आणि त्या रकान्यांवर शिकलेली प्रणाली तेच शिकेल.

पत्र लांबले याची जाणीव आहे. जागा कमी पडली तर एआयचे काहीही कापा. अचानक गार पडलेल्या पायाला शेक देऊ नये, तो परिच्छेद तेवढा ठेवा.

आपले,
खान्देशात पायाच्या जखमा व रक्तवाहिन्यांच्या आजारांवर काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ